घरचा जिना आधी मोजा

जिन्यावर कुणी पडलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न पडलेल्या माणसावर अन्याय करतो. जिना उतरताना आपण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांकडेच नीट बघतो. तेवढ्यात पायाला उंचीचा अंदाज येतो आणि बाकीचा जिना पाय त्याच अंदाजावर उतरतो. नजर तोवर दाराकडे किंवा खालून हाक मारणाऱ्याकडे गेलेली असते. सगळ्यांचं शरीर असंच चालतं. मग एखादी पायरी अर्ध्या इंचाने उंच निघाली, कड दिसली नाही किंवा दगड ओला असला की अंदाज चुकतो आणि तोल जातो. म्हणून आजीला "जपून उतर" असं दहादा सांगण्याआधी एकदा जिना तपासा. तासाभराचं काम आहे.

चढताना अडखळलेला माणूस पुढे पडतो, हात टेकतात, गुडघा खरचटतो. उतरताना पडलेला माणूस खोल पडतो आणि कंबर, पाठ किंवा डोकं आपटतं. पुढचं सगळं त्यामुळे उतरणाऱ्याच्या बाजूने लिहिलं आहे.

मोजायचं कसं

स्टीलचा टेप, स्पिरिट लेव्हल, दोन फूट लांबीची सरळ फळी आणि खडू घ्या. वरच्या पायरीवर फळी अशी ठेवा की तिचं टोक खालच्या पायरीवर अधांतरी येईल. लेव्हल लावून फळी सपाट करा आणि फळीच्या खालच्या बाजूपासून खालच्या पायरीच्या कडेपर्यंत सरळ खाली माप घ्या. तो आकडा खडूने त्याच पायरीवर लिहा. प्रत्येक पायरी मोजायची. "बाकीच्या सारख्याच आहेत" असं धरून चालायचं नाही, कारण दोष नेमका तिथेच लपलेला असतो.

राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर धरते. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण तेवढंच लांब असतं, म्हणजे २५० ही कशीबशी पुरणारी रुंदी आहे. जागा असेल तर २८०–३०० ठेवा. उंची आणि रुंदीचा मेळ बघायला एक जुना हिशेब आहे, सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या ब्लोंडेल या वास्तुविशारदाच्या नावाने ओळखला जाणारा: दोनदा उंची अधिक एकदा रुंदी. बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास आली तर जिना चालीला बसतो. १७ सेंटिमीटर उंची आणि २८ रुंदी म्हणजे ६२, उत्तम. २२ आणि २२ म्हणजे ६६. अशा जिन्यावर उतरताना पाऊल तिरकं टाकावं लागतं आणि चवडा कडेबाहेर राहतो.

पण एक गोष्ट आकड्यांपेक्षाही महत्त्वाची आहे, ती म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या असणं. एका जिन्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पायरी यांच्यात १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. सगळ्या पायऱ्या आठ इंचांच्या असलेला जिना दमवतो, पण पाडत नाही. सगळ्या सात इंचांच्या आणि शेवटची साडेपाचची, हा जिना पाडतो.

पहिली आणि शेवटची पायरी का चुकते

इंदूरच्या कॉलन्यांमध्ये १५ बाय ५० आणि २० बाय ५० फुटांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या घरांत हा दोष फार आढळतो, आणि त्याचं कारण साधं आहे. स्लॅबबरोबर जिना ओततात तेव्हा सगळ्या पायऱ्या सात इंचांच्या असतात. पुढे पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसतं: १८ मिलिमीटरचा दगड आणि खालचा सिमेंटचा मसाला मिळून दीड इंच. हॉलमध्ये मात्र कोटा दगड किंवा टाइल्सखाली जाड मसाला पडतो आणि फरशी तीन इंच वर येते. आता हिशेब करा. सर्वांत खालची पायरी सात अधिक दीड वजा तीन, म्हणजे साडेपाच इंच उरते. वरच्या मजल्यावर उलट होतं: फरशी तीन इंच चढली, शेवटची पायरी दीडच इंच चढली, म्हणजे शेवटचा टप्पा साडेआठ इंचांचा झाला. मधल्या सगळ्या सातच्या.

घर बांधकामात असेल तर उपाय फुकट आहे. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी मिस्त्रीला दोन्ही फरश्यांची आणि पायरीच्या दगडाची तयार जाडी लिहून द्या. वरच्या उदाहरणात काँक्रीटची पहिली पायरी साडेआठ इंचांची आणि शेवटची साडेपाचची ओतायची. दगड-फरशी बसल्यावर सगळ्या सातच्या होतात. मिस्त्रीशी बोलताना उंचीला "राइजर" आणि रुंदीला "ट्रेड" म्हणा, गोंधळ होणार नाही.

राहत्या घरात जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायचा बेत असेल तर थांबा. टाइल आणि चिकटवायचा मसाला मिळून खालची पायरी सव्वा ते दीड सेंटिमीटरने बुटकी होते. जिन्यासमोरची जुनी फरशी उखडून मगच टाइल बसवा. जिन्याचा दगड बदलायचा असेल तर एकूण उंची मोजून पायऱ्यांच्या संख्येने भागा आणि मसाल्याची जाडी थोडी-थोडी कमी-जास्त करत फरक सगळ्या पायऱ्यांवर वाटून टाका. यातलं काहीच आता शक्य नसेल तर चुकीच्या पायरीच्या कडेला बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, भडक रंगाची पट्टी लावा. घरच्यांचे पाय त्या पायरीला सरावलेले असतात. पडतो तो पाहुणा, नवा भाडेकरू किंवा सुट्टीत आलेला नातू.

वळणावर सपाट चौथऱ्याऐवजी त्रिकोणी पायऱ्या घातल्या असतील तर आतल्या बाजूला पाय ठेवायला दोन-तीन इंचच उरतात. अशा वळणावर नेहमी बाहेरच्या भिंतीकडून चालायचं, आणि धरायचा पाइप त्याच भिंतीला हवा. तो बहुतेक घरांत आतल्या बाजूला असतो, म्हणजे माणसाला नेमका निमुळत्या टोकाकडे ओढतो.

घसरण

चकचकीत ग्रॅनाइट कोरडं असताना ठीक असतं. त्यावर पाणी, साबण किंवा तेलाचा पातळ थर आला की तळवा आणि दगड यांच्यात पकडच उरत नाही. पॉलिश केलेल्या कोट्याचंही तेच. त्यातून पायरीची कड "हाफ राउंड" करून घ्यायची पद्धत आहे. दिसायला सुरेख दिसते, पण उतरताना चवड्याचा भार नेमका त्या गोल, गुळगुळीत कडेवर येतो आणि पाय पुढे सरकतो. नव्या कामात कड फक्त ३ ते ५ मिलिमीटर घासून बोथट करायला सांगा. गोलाई नको.

बसवलेल्या दगडाला उत्तम उपाय म्हणजे खाचा. कडेपासून एक इंच आत पहिली खाच, मग अर्ध्या-अर्ध्या इंचावर आणखी दोन. प्रत्येक ४–५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर खोल. ग्राइंडरला दगड कापायचं पातं लावून कारागीर हे काम करतो. खाच कडेच्या फार जवळ घेतली तर तुकडा उडतो. खाचांत मळ साचून त्या भरून येतात, म्हणून महिन्यातून एकदा ताठ ब्रशने साफ कराव्या लागतात. बाहेरच्या जिन्याला दुसरा मार्ग: कडेची तीन इंचांची पट्टी टाकीने (छिन्नीने) टोचून खरखरीत करून घेणं. पाटा-वरवंट्याला टाकी लावतात तीच युक्ती, आणि ती वर्षानुवर्षं टिकते.

तोडफोड नको असेल तर खरखरीत अँटी-स्किड टेप लावा. इंदूरच्या सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत दोन इंच रुंदीची मिळते. ती महिन्याभरात उखडते अशी तक्रार असते, पण दोष बहुधा लावण्याचा असतो. पायरी साबणाने धुवा, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा; मेणाचं पॉलिश किंवा फिनाइलचा थर राहिला तर गोंद त्या थराला चिकटतो, दगडाला नाही. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. मधून टोकांकडे दाबत लावा आणि वरून जुनं लाटणं जोर देऊन फिरवा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. पट्टी कडेवरून खाली दुमडू नका, तिथे ती फाटते. उन्हातल्या जिन्यावर मे महिन्यात गोंद मऊ पडतो. तिथे स्क्रूने बसणारी ॲल्युमिनियमची खाचांची पट्टी घ्या. भोक कडेपासून किमान दीड इंच आत पाडा आणि स्क्रूचं डोकं पट्टीत पूर्ण बुडवा. वर आलेलं डोकं हे नवं ठेचकाळायचं ठिकाण.

पायऱ्यांवर सुटी पायपुसणी किंवा गालिच्याचे तुकडे कधीच नकोत. थंडीत मोजे घालून ग्रॅनाइटवरून उतरू नका, आणि टाच मोकळी असलेल्या सैल स्लिपर जिन्याखालीच काढा.

पुसताना वरून खाली या, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पाणी टिपा, आणि पूर्ण वाळेपर्यंत खालच्या पायरीवर बादली आडवी ठेवा, म्हणजे कुणी चढणार नाही. दिवाळीत पणत्या पायरीच्या मध्यावर नकोत, भिंतीकडच्या टोकाला ताटलीत ठेवा. सांडलेलं तेल नुसत्या पाण्याने जात नाही. आधी कोरडा लाकडाचा भुसा किंवा वाळू टाकून टिपा, मग साबणाचं गरम पाणी. रांगोळी पायरीवर न काढता जिन्यासमोर काढा, कारण ती पूड पॉलिशच्या दगडावर पायाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून भिजून आलेली पोरं थेट वर धावतात. त्या दिवशी खालीच जुनं गोणपाट अंथरा आणि पाय कोरडे करूनच वर सोडा.

बाहेरचा जिना आणि गच्ची

पावसाळ्यात बाहेरच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, विशेषतः जिथे पाणी साचून राहतं. पायरीला पुढच्या बाजूला २–३ मिलिमीटर उतार असला तर पाणी थांबत नाही. शेवाळ काढायला पाच लिटर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून पसरा, वीस मिनिटांनी कडक ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला. ॲसिड वापरू नका: कोटा हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

इंदूरला नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, आणि पाणी आलं की घरातलं कुणीतरी अंधारात, घाईने, ओल्या पायांनी टाकी भरली का बघायला गच्चीवर जातं. ही फेरीच बंद करता येते. टाकीत तरंगता सेन्सर आणि खाली मोटरला आपोआप बंद होणारा स्विच, किंवा निदान टाकी भरल्यावर वाजणारा अलार्म बसवा. ज्येष्ठ माणसं राहतात त्या घरी हा खर्च सगळ्यात आधी करावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात पापड-कुरडयांची परात किंवा कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि कठडा धरायला हात उरत नाही. दोन हातांनी उचलावं लागेल ते एकट्याने जिन्यावरून न्यायचं नाही. ओझं अर्धं करा, दोन फेऱ्या मारा, किंवा गच्चीवरून दोराला बादली बांधून वर ओढा. साडीच्या निऱ्या किंवा गाउनचा घेर चढताना एका हाताने उचलून धरा. रोज गाउन वापरणाऱ्यांनी तो घोट्याच्या दोन इंच वर शिवून घ्यावा.

दिसलं पाहिजे

काळ्या ग्रॅनाइटचा जिना वरून बघा: सगळ्या पायऱ्या मिळून एकच काळा उतार दिसतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तर नक्कीच. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला, पूर्ण लांबीभर, दीड-दोन इंच रुंदीची उलट रंगाची पट्टी हवी. काळ्यावर पिवळी किंवा पांढरी, पांढऱ्यावर गडद तपकिरी. पट्टी दोन इंच आत लावली तर डोळा तिलाच कड समजतो, म्हणून कडेलाच. सगळ्या पायऱ्यांना लावा.

दिव्याचं बटण खाली आणि वर, दोन्हीकडे हवं, आणि पहिल्या पायरीवर पाय टाकण्याआधी हाताला लागलं पाहिजे. इलेक्ट्रिशियनला "टू-वे" सांगितलं की कळतं. भिंत फोडायची नसेल तर हालचाल टिपणारा सेन्सरचा एलईडी बल्ब नेहमीच्या होल्डरमध्येच बसतो. इंदूरच्या महाराणी रोडवर सहज मिळतो. दिवा उतरणाऱ्याच्या पाठीमागे एकटाच असेल तर त्याची सावली नेमकी पुढच्या पायऱ्यांवर पडते, म्हणून दुसरा दिवा वळणावर किंवा खालच्या बाजूला द्या. यातला एक तरी इन्व्हर्टरवर असू द्या.

दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा उतरताना दगा देतो. त्याचा खालचा भाग हातातलं पुस्तक वाचण्यासाठी असतो. त्यातून चार-पाच फुटांवरची पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघा, किंवा चालण्या-फिरण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करा.

धरायला काय आहे

एका बाजूला रेलिंग आणि दुसरीकडे नुसती भिंत, अशी बहुतेक घरं. भिंतीकडेही पाइप लावा. अर्धांगवायू झालेल्या किंवा एक हात अधू असलेल्या माणसाला चढताना एक बाजू मिळते, उतरताना तीच बाजू अधू हाताकडे येते.

पाइप गोल आणि दीड इंच व्यासाचा असावा. मुठीत पूर्ण मावला पाहिजे. रुंद लाकडी किंवा दगडी कठड्यावर हात ठेवता येतो, पण तोल गेल्यावर बोटं वळत नाहीत. भिंतीपासून अंतर किमान दीड इंच. उंची पायरीच्या कडेपासून ३४ ते ३८ इंच; घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उभं करून ठरवा, कोपर किंचित वाकलेला राहायला हवा. पाइप पहिल्या पायरीच्या एक फूट आधी सुरू होऊन शेवटच्या पायरीच्या एक फूट पुढे जावा आणि टोक भिंतीकडे वळवलेलं असावं, नाहीतर बाही किंवा पदर अडकतो. अंधारात पाइप संपला की माणूस जिनाही संपला असं समजतो, म्हणून ते एक फूट महत्त्वाचं.

ब्रॅकेट तीन-तीन फुटांवर. फास्टनर (भिंतीत रुतणारा बोल्ट) प्लास्टर ओलांडून विटेत दोन इंच तरी गेला पाहिजे. नुसत्या प्लास्टरमधला स्क्रू एरवी टिकतो आणि कुणी पडताना पकडलं की भिंतीसकट निघतो. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून ओढून बघावं. जरा हलला तरी काम परत करवून घ्या.

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या किंवा जुनी इंदूर या भागातल्या जुन्या घरांत भिंती माती-चुन्याच्या असतात, फास्टनर धरत नाही. तिथे जिन्याच्या लाकडी बाजूलाच खांब बोल्टने जोडून पाइप उभा करा. अशा घरांतले लाकडी जिने शिडीसारखे उभे असतात. ते उतरताना तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसंच उतरायचं. वर बांधलेला दोर असेल तर तो बोटाएवढा जाड, फुटाफुटावर गाठी मारलेला हवा, आणि दरवर्षी बदला. फळ्यांना खालून सळईने टोचून बघा. सळई आत शिरली तर वाळवी आहे. मध्यभागी झिजून खोलगट झालेली फळी पालटा. वरच्या झडपेला उघडी धरून ठेवणारी कडी हवीच.

लहान मूल घरात असेल तर उघड्या बाजूच्या रेलिंगमधली फट चार इंचांपेक्षा कमी असावी आणि आडव्या सळ्या नसाव्यात, त्या शिडीचं काम करतात. वरच्या टोकाचं फाटक भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलं आणि जिन्याकडे न उघडणारं हवं.

दुखरा गुडघा, औषधं

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी असेल तर एका हातात काठी, दुसऱ्यात पाइप. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. दर पायरीवर दोन्ही पाय जुळवून घ्या, लाज वाटून घेऊ नका. रक्तदाबाची, झोपेची, लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना उठल्यावर भोवळ येऊ शकते: पलंगावर मिनिटभर बसा, मग उभे राहा, मग जिना. रात्री उठावं लागतं अशा माणसाची खोली आणि संडास एकाच मजल्यावर ठेवा.

कुणी पडलंच तर

काखेत हात घालून ओढून उठवू नका. आधी विचारा कुठे दुखतंय, हात-पाय हलतात का. मान किंवा पाठ दुखत असेल, हाता-पायांना मुंग्या येत असतील तर आहे तसंच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. एक पाय आखूड वाटतो आणि पाऊल बाहेर वळलंय, असं दिसलं तर खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता मोठी आहे. उभं करून "चालून बघ" म्हणू नका, खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. एक्स-रे होण्याआधी मालिश नाही, हाडवैद्यही नाही.

काहीच झालं नाही असं वाटत असेल तर त्याला स्वतःहून कुशीवर, मग गुडघ्यांवर येऊ द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा आधार घेऊन उठू द्या. डोकं आपटलं असेल तर पुढचे दोन दिवस सोबत राहा: उलटी, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, बरळणं, एका बाजूची अशक्ती, यातलं काहीही दिसलं की लगेच दवाखान्यात न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका. तो हसत-बोलत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.